वाचकांचे प्रश्न : पिंपातला धूर

दोनशे लिटरचं लोखंडी पिंप घ्यायचं, तळाशी कोळसा, वर जाळी, त्यावर झाकण, आणि ११० ते १२० अंशांच्या आचेवर मांस तासन्तास धुरात शिजू द्यायचं. अमेरिकेतल्या हौशी मंडळींनी या प्रकाराला ‘अग्ली ड्रम स्मोकर’ असं नाव दिलंय, म्हणजे कुरूप पिंप. आपल्याकडेही आता शेतघरांवर आणि बंगल्यांच्या मागच्या अंगणात अशी पिंपं दिसू लागली आहेत. आलेल्या प्रश्नांपैकी निम्म्याहून अधिक तक्रारी शेवटी हवेपाशी येऊन थांबतात: ती कुठून शिरते, किती शिरते आणि कुठून बाहेर पडते. त्यामुळे उत्तरांत तो विषय पुन्हा पुन्हा येईल. सगळी तापमानं सेल्सिअसमध्ये आहेत.

प्रश्न : सातपूरला भंगारवाल्याकडे केमिकलची पिंपं स्वस्तात मिळतात. आतून धुतलेली आहेत, वासही येत नाही. चालतील का? – वाचक, नाशिक

नाही. वास गेला म्हणजे माल गेला असं होत नाही. पिंपाच्या तळाच्या आणि कडेच्या दुमडलेल्या शिवणीत आधीचा माल मुरलेला असतो आणि तो पहिल्या तापवणीत बाहेर पडायला लागतो. रंग, सॉल्व्हंट, कीटकनाशक, रेझिन यांचं पिंप फुकट मिळालं तरी घेऊ नका. शिवाय दुसरा धोका याहून मोठा आहे. बंद तोंडाच्या पिंपात ज्वालाग्राही द्रवाची वाफ कोंडलेली असते, आणि ग्राइंडरची पहिली ठिणगी पडताच ते फुटू शकतं. ‘रिकामंच तर आहे’ म्हणून कापायला घेतलेली पिंपं फुटून माणसं मेली आहेत.

खाण्याच्या मालाचं पिंप शोधा. आंब्याचा पल्प निर्जंतुक पिशवीत भरतात आणि ती पिशवी लोखंडी पिंपात ठेवून पाठवतात. म्हणजे पत्र्याला माल लागलेलाच नसतो. टोमॅटो पेस्टचंही तसंच. पल्प वापरणाऱ्या ज्यूस आणि आइस्क्रीमवाल्यांकडे चौकशी करा. यातली काही पिंपं एकात एक बसावीत म्हणून खाली निमुळती केलेली असतात. ती चालतात, फक्त जाळीचं माप तोंडावर न घेता जाळी बसणार त्या उंचीवर घ्या.

पिंप उघड्या तोंडाचं घ्या, म्हणजे ज्याचं झाकण पूर्ण निघतं आणि कड्याने आवळलं जातं. दोन बुचांचं बंद पिंप घेतलं तर वरचा पत्रा कापावा लागतो, आणि मग झाकण कुठून आणायचं हा प्रश्न उरतोच. जस्ताचा मुलामा दिलेलं, म्हणजे जीआयचं पिंप नको. तापल्यावर जस्ताचा धूर निघतो आणि तो छातीत गेला की थंडी वाजून ताप येतो. वेल्डिंगवाल्यांना हा ताप चांगलाच ठाऊक असतो.

प्रश्न : पिंप आतून लाकडं पेटवून जाळलं. बाहेरचा रंग गेला, पण आत तांबूस थर अजून चिकटलेला आहे. तो राहिला तर बिघडलं काय? – वाचक, इस्लामपूर

बिघडतं. तो आतला लायनिंगचा थर आहे. एपॉक्सीचा असेल तर कडक जाळात त्याची राख होते. फिनॉलिक असेल तर तो चिवट असतो आणि लाकडाच्या एका जाळाला दाद देत नाही. नाण्याने खरवडून पाहा. भुकटी होऊन पडला तर जळलाय. नाणं घसरलं आणि नुसता ओरखडा उठला तर थर शाबूत आहे.

जाळ बहुधा कमी पडला, आणि त्याचं कारण हवा. बिनभोकाच्या पिंपात लाकडं नुसती धुमसतात. आधी तळाची भोकं पाडा (मापं पुढच्या उत्तरात आहेत), पिंप तीन विटांवर ठेवा, अर्ध्यापर्यंत सुकी, बिनरंगाची लाकडं भरा आणि पेटवा. बसली की पुन्हा भरा. दीड-दोन तास ज्वाळा तोंडाबाहेर यायला हव्यात. रॉकेल, डिझेल ओतू नका. वस्तीपासून लांब, मोकळ्या जागी, वाऱ्याच्या वरच्या बाजूला उभं राहून हे काम करा. त्या धुरात श्वास घेण्यासारखं काही नसतं. गार झाल्यावर ग्राइंडरला वायरचा कप ब्रश लावून आतून उजळ लोखंड दिसेपर्यंत घासा, तोंडाला मास्क आणि डोळ्यांना चष्मा लावून. मग साबणाच्या पाण्याने धुवा आणि लगेच पुसून तेलाचा हात फिरवा, नाहीतर तासाभरात गंज धरतो.

दोनदा जाळूनही थर हलला नाही तर पिंप सँडब्लास्टिंगवाल्याकडे न्या. तेवढा खर्च नको असेल तर दुसरं पिंप घ्या. थर तसाच ठेवून वर अन्न शिजवणं हा तिसरा पर्याय नाही.

प्रश्न : सगळी मापं एकदा नीट द्याल का? फॅब्रिकेटरला दाखवायला कागद हवा आहे. – वाचक, तळेगाव दाभाडे

नेहमीच्या पिंपाचा आतला व्यास ५७ सेंटिमीटर आणि आतली उंची सुमारे ८५ सेंटिमीटर असते. पत्रा साधारण एक मिलिमीटरचा. तुमचं पिंप आधी मोजा, मग पुढचं वाचा.

हवेच्या वाटा. तळापासून ५ सेंटिमीटरवर, सारख्या अंतरावर तीन भोकं. त्यांत पाऊण इंची, दोन इंच लांबीचे एमएसचे, म्हणजे साध्या लोखंडाचे निपल (दोन्ही टोकांना आटे असलेले पाइपाचे तुकडे) बसवायचे. पाऊण इंची पाइपाचा बाहेरचा व्यास २७ मिलिमीटरच्या आसपास येतो, म्हणून भोक २७ किंवा २८ चं. आधी पंच मारा, मग बारीक ड्रिल, मग स्टेप ड्रिल किंवा होल सॉ. थेट मोठं ड्रिल लावलं की पातळ पत्रा पकडून फाडतं. निपलला आतून एक आणि बाहेरून एक चेकनट आवळा. एका निपलवर पितळी बॉल व्हॉल्व्ह, उरलेल्या दोनांवर आट्यांची कॅप. एवढंच तुमचं नियंत्रण.

धुराची वाट. झाकणावर चार सुती, म्हणजे अर्ध्या इंचाची दहा भोकं गोलात पाडा, किंवा मधोमध दोन इंची पाइपाचा १५ सेंटिमीटरचा तुकडा वेल्ड करा. हिशोब असा: पाऊण इंची निपलची आतली पोकळी सुमारे साडेतीन चौरस सेंटिमीटर, तीन निपलची मिळून साडेदहा. अर्ध्या इंचाच्या दहा भोकांची होते साडेबारा. बाहेरची वाट आतल्या वाटेपेक्षा मोठीच हवी. धूर आत रेंगाळला की अन्नावर कडू काजळी बसते, म्हणून वरची भोकं शिजवताना कधीच झाकायची नाहीत. झाकणाच्या खाचेत रबराचं गॅस्केट असतं, ते आठवणीने काढून टाका. कित्येकांचं पहिलं कोंबडं त्या रबराच्या वासाने वाया जातं. आवळायचं कडं शिजवताना लावायचं नाही. झाकणाला लाकडी मूठ बोल्टने बसवा.

कोळशाची टोपली. चौकटीला २५ मिलिमीटरची पट्टी, त्यावर एक्स्पांडेड जाळी. व्यास ३५, उंची २५ सेंटिमीटर. टोपलीचा तळ पिंपाच्या तळापासून ७ सेंटिमीटर वर राहील असे चार पाय. खाली राखेसाठी पत्र्याचं ताट. या सात सेंटिमीटरवर फॅब्रिकेटर हमखास काटकसर करतात. ‘चारवर भागेल’ म्हणाले तरी ऐकू नका. राख साठली की चार सेंटिमीटरची जागा तीन-चार तासांत भरते, कोळसा खालून गुदमरतो आणि नेमकं मांस अर्धं शिजलेलं असताना आच बसते. टोपलीला उचलायची कडी हवी. टोपली मधोमध बसते आणि भिंतीपासून दहा-अकरा सेंटिमीटर लांब राहते, त्यामुळे बाहेरचा पत्राही थोडा कमी तापतो.

जाळी. टोपलीच्या तळापासून ६० सेंटिमीटर वर, म्हणजे काठापासून सुमारे १८ सेंटिमीटर खाली. त्या उंचीवर बाहेरून पाव इंची, दोन इंच लांब स्टेनलेसचे चार बोल्ट घाला; त्यांच्या टोकांवर जाळी बसते. ३०४ ग्रेडची दोन सुती सळई, सळयांमध्ये १५ मिलिमीटर अंतर, व्यास ५५ सेंटिमीटर. ५७ ची करू नका: पिंपाचा काठ आत वळलेला असतो आणि जाळी तोंडातूनच जात नाही. कुंपणाची किंवा कोंबड्यांच्या खुराड्याची जाळी वापरू नका, तिच्यावर जस्त असतं.

थर्मामीटरसाठी जाळीच्या दोन सेंटिमीटर खाली १० मिलिमीटरचं भोक.

रंग फक्त बाहेरून: ६०० अंश सोसणारा हीट रेझिस्टंट ॲल्युमिनियम पेंट. आतून फक्त खाण्याचं तेल, पातळ हाताने. मग मांस न ठेवता १३० ते १५० अंशांवर तीन-चार तास पिंप चालवा. आतली भिंत तपकिरी काळी आणि कोरडी लागली की पिंप तयार. चिकट लागली तर तेल जास्त झालंय, अजून तासभर चालू द्या.

प्रश्न : वेल्डिंगशिवाय होईल का? – वाचक, वाई

होईल. वरच्या कामात वेल्डिंग लागतं ते टोपलीला आणि ऐच्छिक चिमणीला. टोपली एक्स्पांडेड जाळी वाकवून स्टेनलेस तारेने शिवता येते, पाय म्हणून लांब बोल्ट आणि नट. बाकी सगळं ड्रिल आणि पान्याचं काम आहे.

प्रश्न : सूचनेप्रमाणे सगळं केलं, पण पिंप १८० अंशांवर जातं आणि खालीच येत नाही. व्हॉल्व्ह बंद करूनही तासभर फरक पडला नाही. – वाचक, बाणेर, पुणे

दोन शक्यता आहेत आणि बहुधा दोन्ही खऱ्या आहेत.

पहिली, सगळा कोळसा एकदम पेटवलात. शेगडीची सवय असलेल्या हाताला हे सहज वाटतं, कारण शेगडी फुललीच पाहिजे. पिंपाला ते चालत नाही. टोपलीत साडेचार-पाच किलो न पेटलेला लोणारी, म्हणजे लाकडाचा कोळसा भरा, मधोमध मुठीएवढा खड्डा करा आणि वेगळे फुलवलेले फक्त बारा ते पंधरा तुकडे त्यात ठेवा. उदबत्तीसारखी आग हळूहळू शेजारच्या कोळशात सरकत जाते. बाभळीच्या चांगल्या कोळशावर एवढ्यात आठ-दहा तास निघतात.

चढताना आवरा, चढल्यावर नाही. सुरुवातीला व्हॉल्व्ह आणि दोन्ही कॅप उघड्या. ८० अंशांवर एक कॅप लावा, ९५ ला दुसरी, आणि मग फक्त व्हॉल्व्हवर खेळा. प्रत्येक बदलानंतर पंधरा मिनिटं हात मागे बांधून उभं राहा. पिंपाला कळायला वेळ लागतो. तुम्ही पाच मिनिटांनी पुन्हा फिरवलंत तर दोन्ही बदलांचा परिणाम एकदम येतो. एकदा १६० पार गेलेलं पिंप १२० ला यायला तास जातो.

दुसरी शक्यता गळतीची. पिंप तापलेलं असताना पेटती उदबत्ती निपलभोवती, तळाच्या शिवणीपाशी आणि थर्मामीटरच्या भोकापाशी धरा. धूर सरळ वर गेला तर ठीक. पत्र्याकडे वाकला तर तिथून हवा आत ओढली जातेय. झाकणाच्या काठातून थोडा धूर बाहेर येतो, त्याची काळजी नको. ती वरची गळती आहे आणि जादा धुराड्यासारखं काम करते. खालची गळती मात्र तुमच्या व्हॉल्व्हला न विचारता आग पोसते. चेकनट आवळून भागलं नाही तर बाहेरून उच्च तापमानाचं लाल आरटीव्ही सिलिकॉन भरा आणि एक दिवस वाळू द्या. मग परीक्षा घ्या: तिन्ही वाटा बंद केल्यावर दीड तासात पिंप ६० च्या खाली यायला हवं.

आणखी एक. झाकण उघडं ठेवून फोटो काढत बसलात तर वरून आत शिरलेल्या ताज्या हवेने कोळसा भडकतो, टपकलेली चरबी पेट घेते, आणि झाकण लावल्यावर पारा तीस-चाळीस अंश वर गेलेला दिसतो. दर अर्ध्या तासाने डोकावायची गरज नसते.

प्रश्न : पिंपाला बसवलेलं डायल थर्मामीटर १२० दाखवतं, पण चिकन वेळेआधीच करपतं. – वाचक, नागपूर

डायलची दांडी दहा-पंधरा सेंटिमीटर असते. पिंपाच्या मध्यापर्यंत ती पोहोचतच नाही. निखारे मधोमध असल्याने जाळीच्या मध्यावर काठापेक्षा १५ ते २५ अंश जास्त तापमान असतं. तारेच्या प्रोबचं डिजिटल थर्मामीटर जाळीवर, मांसापासून चार बोटं लांब ठेवा आणि त्यालाच खरं माना. वापरण्याआधी उकळत्या पाण्यात तपासा. समुद्रसपाटीला १०० अंश यायला हवेत, पुण्या-नाशिकला ९८, महाबळेश्वरला साडेपंचाण्णवच्या आसपास. महाबळेश्वरात ९६ दाखवणारं थर्मामीटर बिघडलेलं नसतं.

प्रश्न : मांसाला कडवट, औषधासारखी चव येते. आंब्याची लाकडं वापरली. काजूची टरफलंही टाकली होती. – वाचक, सावंतवाडी

टरफलं ताबडतोब बंद करा. काजूच्या टरफलात जे तेल असतं त्याने हाताची साल जाते. त्याचा धूर डोळ्यांना, घशाला आणि अन्नाला तितकाच वाईट.

आंबा चांगला, पण सुकलेला हवा. तोडून किमान सहा महिने, कोकणात पावसाळा मध्ये आला तर वर्षभर. दोन तुकडे एकमेकांवर आपटून पाहा: ठणठणीत आवाज आला तर सुकलंय, बद्द आला तर ओलं आहे. साल काढून टाका. पाच किलो कोळशाला मुठीएवढे तीन-चार तुकडे पुरतात, चिकनला दोनच. ते कोळशात वरपासून खालपर्यंत पेरा, सगळे वर ठेवू नका. लाकूड पाण्यात भिजवायची पद्धत सांगितली जाते, तिचा उपयोग नाही. पाणी आत फारसं मुरत नाही, नुसती वाफ होते आणि आग थंडावते.

धुराचा रंग बघायला शिका. पेटवल्यावर पहिली वीस-पंचवीस मिनिटं दाट पांढरा, पिवळसर धूर येतो. तो अर्धवट जळलेला धूर. तो विरळ, निळसर, जेमतेम दिसेलसा झाल्यावरच मांस ठेवायचं. बहुतेक जण तो पांढरा लोट पाहून खूश होतात आणि नेमकं तेव्हाच चिकन आत टाकतात.

पेरू, चिकू, जांभूळ, चिंच, बाभूळ हे सगळं चालतं. कडुनिंब कडू. पॅकिंगच्या खोक्यांची चिडाची, देवदाराची लाकडं राळेमुळे काजळी देतात. प्लायवूड, एमडीएफ, रंगवलेलं फर्निचर नको. कण्हेर विषारी आहे, तिची काडीसुद्धा नको. आणि कोळसा विकत घेताना तो लोणारी आहे ना, एवढं विचाराच. बॉयलरसाठी विकतात तो ‘व्हाइट कोल’ म्हणजे भुशाच्या दाबलेल्या कांड्या, कोळसा नव्हे. त्या दाट धूर ओकतात. दगडी कोळशाचं तर नावच काढू नका.

प्रश्न : पावसाळ्यात आच धरतच नाही. १०० च्या वर जात नाही. – वाचक, इगतपुरी

कोळसा ओला आहे. गोणी कोरडी दिसली तरी कोळसा हवेतलं पाणी पितो. पेटवताना तडतड उडत असेल तर खात्री झाली. आदल्या दिवशी पत्र्यावर पसरून चुलीशेजारी ठेवा आणि पुढे झाकणाच्या डब्यातच साठवा. चुरा चाळून काढा. तो कोळशांमधल्या फटी बुजवतो. एवढं करूनही जमलं नाही तर राखेचं ताट पाहा.

प्रश्न : बोकडाची रान (मांडी) स्मोक केली. बाहेरून लगदा, आतून चामडं. कच्ची पपई लावून रात्रभर ठेवली होती. – वाचक, कोल्हापूर

पपईनेच घात केला. पपईतलं पेपेन ६०-६५ अंशांच्या आसपास सगळ्यात जोरात काम करतं. तव्यावर किंवा तंदूरमध्ये मांस त्या टप्प्यातून चटकन पुढे जातं. पिंपात रानेचा बाहेरचा थर तिथे तास-दीड तास रेंगाळतो, आणि तेवढ्यात त्याचा लगदा होतो. आत मात्र पपई पोहोचलेलीच नसते.

सव्वा किलोच्या रानेला १८-२० ग्रॅम मीठ, दही, आलं-लसूण, कांदा-लसूण मसाला. आठ ते बारा तास फ्रिजमध्ये. पपई नाही. १२० अंशांवर, खाली १५ सेंटिमीटर अंतरावर स्टीलची परात ठेवून, म्हणजे निखाऱ्याची थेट झळ लागत नाही. आत ६८-७० अंश झाले की बाहेर काढून फॉइलमध्ये दोन चमचे तूप घालून घट्ट गुंडाळा. आवड असेल तर आधी केळीचं पान, त्यावर फॉइल. नुसतं पान सुकून फाटतं. आत ९० अंशांपर्यंत जाऊ द्या. एकूण साडेचार-पाच तास. बोकडाच्या मांसात चरबीचे धागे फार कमी असतात, त्यामुळे ७५ वर काढलंत तर ते चामडंच राहतं. स्नायूंमधला चिवट भाग विरघळायला ८५ च्या पुढे वेळ द्यावा लागतो, आणि फॉइल त्या वेळात ओलावा राखते.

प्रश्न : डुकराच्या खांद्याचा अडीच किलोचा तुकडा ६९ अंशांवर दोन तास अडकून बसला. कोळसा वाढवला तर करपला. – वाचक, वसई

आग ठीक होती, तिला हात लावायला नको होता. मांसाच्या पृष्ठभागावरून पाणी उडतं आणि उडताना उष्णता घेऊन जातं, मातीच्या माठासारखं. आतून येणारं पाणी आणि बाहेरून लागणारी आच यांची ६५ ते ७५ च्या दरम्यान बरोबरी होते आणि काटा थांबतो. वाट पाहा, किंवा ७० ला फॉइलमध्ये गुंडाळा. वाफ उडणं थांबलं की काटा पुन्हा चढतो. ९३ ते ९५ ला काढा, टॉवेलात गुंडाळून बर्फाच्या रिकाम्या पेटीत तासभर ठेवा. १२० अंशांवर सगळं मिळून सात-आठ तास धरा, म्हणजे जेवण रात्रीचं ठरवा.

प्रश्न : चिकन आत ७४ अंश झालं, तरी कापल्यावर कडेने गुलाबी. पाहुण्यांनी खाल्लं नाही. आणि कातडी रबरासारखी. – वाचक, डोंबिवली

७४ अंश मांडीच्या सगळ्यात जाड भागात, हाडाला न टेकवता मोजले असतील तर चिकन शिजलंय. जळणाऱ्या कोळशातून आणि लाकडातून निघणारे वायू मांसातल्या रंगद्रव्याला धरतात आणि कडेचा गुलाबी रंग पक्का होतो. पाहुण्यांना थर्मामीटर दाखवा. कातडीचं कारण मंद आच. कोंबडीला ११० अंशांची गरजच नाही. कातडी पुसून कोरडी करा, पिंप १४०-१५० वर चालवा, सव्वा किलोचं कोंबडं मधून उघडून पसरलं तर दीड तासाच्या आसपास होतं.

प्रश्न : आम्ही शाकाहारी आहोत. भरताची वांगी यात होतील का? – वाचक, सांगली

होतील, पण ते भरीत लागणार नाही. वांग्याची साल निखाऱ्याला टेकून जळते तेव्हाच तो ओळखीचा वास येतो. पिंपात वांगं फक्त मऊ आणि धुरकट होतं. वांगी टोपलीतल्या निखाऱ्यावर भाजा, आणि पिंपात पनीर, उकडलेले बटाटे, सालीसकट लसणाचे गड्डे ठेवा. लसूण १२० वर दीड-दोन तासांत लोण्यासारखा होतो. त्याची चटणी करून पाहा.

प्रश्न : फ्लॅटच्या बाल्कनीत, खिडक्या उघड्या ठेवून चालेल का? – वाचक, ठाणे

नाही. कोळशातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि बाल्कनीचं दार उघडं असेल तर तो घरात येतो. पाऊस आला म्हणून धगधगतं पिंप पार्किंगमध्ये किंवा पोर्चमध्ये ओढणंही तितकंच वाईट. गच्चीवर सोसायटीची परवानगी असेल तरी पिंप विटांच्या दोन थरांवर ठेवा, नाहीतर वॉटरप्रूफिंगची डांबरी शीट वितळते. झाल्यावर सगळ्या वाटा बंद करा, वरची भोकंसुद्धा, आणि राख दुसऱ्या दिवशी लोखंडी बादलीत काढा. कचऱ्याच्या प्लास्टिक डब्यात तर नकोच.

प्रश्न : इथे ५५ गॅलनचं पिंप मिळतं. तुमची मापं लागू होतील? – वाचक, न्यू जर्सी

तेच पिंप आहे. ५५ अमेरिकन गॅलन म्हणजे २०८ लिटर. तुमची सोय अशी की २२ इंची वेबर केटलची, म्हणजे तिथल्या गोल झाकणाच्या शेगडीची तयार जाळी यात बसते आणि काही पिंपांवर तिचं घुमटाकार झाकणही. काठ पिंपागणिक थोडा बदलतो, म्हणून झाकण विकत घेण्याआधी मापून पाहा. लायनिंग नसलेलं नवं पिंप तिथे मागून मिळतं, मग जाळायची भानगडच नाही. जाता जाता: या पिंपाच्या पूर्वजाचं पेटंट १९०५ मधलं, हेन्री वेअरहान याच्या नावावर, आणि ते ज्या कारखान्याकडे गेलं तो चालवत होती नेली ब्लाय, ७२ दिवसांत पृथ्वीप्रदक्षिणा करणारी पत्रकार.

प्रश्न : जून ते सप्टेंबर पिंप कसं ठेवायचं? गेल्या वर्षी तळ गळाला. – वाचक, अलिबाग

तळ पावसाने कमी आणि राखेने जास्त जातो. राख ओलावा ओढते, त्याचं खारं पाणी होतं, आणि ते एक मिलिमीटरच्या पत्र्याला एका पावसाळ्यात पुरतं. शेवटचा वापर झाला की राख कोपऱ्यांतून ब्रशने काढा, तळाला आणि शिवणीला तेल लावा, तासभर तापवा. पिंप विटांवर आडोशाला ठेवा. झाकणावर घमेलं पालथं घाला, पण खालचा व्हॉल्व्ह आणि कॅप उघड्या ठेवा. हवा कोंडली की चरबीच्या थरावर बुरशी येते. आलीच तर घाबरू नका: २०० अंशांवर अर्धा तास जाळ, मग वायर ब्रश, मग तेल. पुढच्या हंगामात पेटवण्याआधी तळ स्क्रूड्रायव्हरने टोचून पाहा. टोक आत गेलं तर पिंप भंगारात द्या. टोपली, जाळी, निपल आणि व्हॉल्व्ह काढून घ्या, ते पुढच्या पिंपाला लागतील.